मालेगावचा सुपरमॅन उडतो कसा?

मालेगावचा सुपरमॅन यंत्रमागावर राबतो. अंगाने काटकुळा, आणि चड्डीची नाडी भर दिवसा बाहेर लोंबतेय. तरी गडी उडतो! हे उड्डाण कसं जमवलं ते बघायचं असेल, तर फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८चा माहितीपट गाठावा. लांबी जेमतेम तासाभराची.

आठवडाभर मागांची खडखड, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला सिनेमा, हा मालेगावचा शिरस्ता. तिथले नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे, लग्नांचं शूटिंग करायचे. दोन व्हीसीआर जोडून सिनेमांची काटछाट करता करता ते संकलन शिकले. मग २०००च्या सुमारास सुमारे ५० हजार रुपयांत त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यात गब्बरचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली. घोडे कुठून आणणार? डाकू आले सायकलींवरून. गावाने तो डोक्यावर घेतला आणि मालेगावात घरच्या विडंबनपटांची एक वेगळीच दुनिया उभी राहिली. नासिर यांनी मग सुपरमॅनलाही मालेगावात आणायचं ठरवलं, आणि माहितीपट आहे तो याच विडंबनपटाच्या शूटिंगचा.

पैशाची चणचण असली की डोकं किती चालतं, याचा नमुना म्हणजे नासिर आणि मंडळींची बैलगाडी. मोठ्या सिनेमात कॅमेरा उंच चढवायला क्रेन भाड्याने आणतात. इथे बैल सोडलेली गाडी तेच काम करते. चाकांचा आस हा टेकू. एका टोकाला कॅमेरावाला बसवायचा आणि दुसऱ्या टोकाला माणसांनी भार द्यायचा, की तो अलगद वर. शाळेत तरफ शिकवतात ती हीच. पळता कॅमेरा हवा असेल, तर सायकल आहेच.

खरी कसोटी उडण्याची. त्यासाठी हिरवं कापड लागतं. नटाला त्याच्यासमोर आडवा धरायचा, चित्रण करायचं आणि संगणकाला सांगायचं, जिथे जिथे हिरवा दिसेल तिथे आकाश भर. हिरवाच का? माणसाच्या कातडीत तो रंग फारसा नसतो, त्यामुळे चेहरा शाबूत राहतो. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून कडा स्वच्छ कापल्या जातात. निळा पडदाही चालतो, पण सुपरमॅनचा अंगरखाच निळा. निळ्या पडद्यासमोर त्याला धरलं असतं, तर आकाशात नुसतं मुंडकं आणि हात उडाले असते. (मालेगावच्या पब्लिकला तेही आवडलं असतं म्हणा.) कोट्यवधींच्या हॉलिवूडपटात हेच तत्त्व आणि इथेही हेच. फरक एवढाच की इथे नटाला आडवं धरणारे हात मित्रांचे असतात.

हे सगळं चालू असताना बाजूला दुसरा कॅमेरा उभा आहे, फैझा यांचा. नासिर यांचा कॅमेरा सुपरमॅनकडे वळलेला, फैझा यांचा नासिर यांच्याकडे. विक्षिप्त छंदाची माणसं टिपताना माहितीपटवाल्यांचा पाय इथेच घसरतो. चार गमतीदार प्रसंग वेचायचे, वर खवचट निवेदन चढवायचं, की शहरातला प्रेक्षक खूश. फैझा तसं करत नाहीत. शूटिंगच्या मधल्या पोकळ वेळेत त्या थांबून राहतात आणि माणसं आपणहून बोलू लागतात. एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरतात. सुपरमॅन झालेल्या शफीक शेख यांचं ऐन शूटिंगच्या धामधुमीत लग्न निघतं. आपण हसतोच, पोट धरून हसतो, पण हसू नासिर यांच्या बाजूने उभं राहून येतं. माझ्या मते हीच या माहितीपटाची सर्वांत अवघड कामगिरी.

नासिर यांच्या सिनेमांचे लेखक फरोग जाफरी यांचं बोलणं तर आत रुततं. मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत, पण लेखकाला ते अंतर जन्मभर पुरतं. गावातल्या बायका पडद्यावर येत नाहीत, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागते. मोसम नदीच्या एका काठाला मुसलमान वस्ती, दुसऱ्या काठाला हिंदू. २००६ आणि २००८मध्ये इथे बॉम्बस्फोट झाले आणि बाकीच्या महाराष्ट्राला मालेगाव आठवतं ते बहुधा तेवढ्यापुरतंच. त्याच गावात लोक सुपरमॅन उडवण्यासाठी रोजंदारी बुडवत होते, ही बातमी मात्र तेवढी गाजली नाही. माहितीपट नेमका तिथे कामाला येतो.

शफीक २०११मध्ये कर्करोगाने गेले. माहितीपट भारतातल्या चित्रपटगृहांत लागला तो २०१२च्या जूनमध्ये. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट केला, तो २०२५मध्ये प्रदर्शित झाला. आदर्श गौरव त्यात नासिर झाले आहेत. कथापट चांगला आहे, जरूर बघा. पण आधी माहितीपट बघा, कारण त्यातली नाडी खरी आहे.