तुला काय ऐकू आलं?

मुंबईत भोईवाड्याला लागूनच केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजसाठी देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली होती की अध्यापक म्हणून पात्र भारतीयांचीच नेमणूक व्हावी. शिकवायचं कोणी, हा प्रश्न तेव्हा असा सुटला. कसं शिकवायचं, हा मात्र नवी मुलं वॉर्डात आली की दर वर्षी पुन्हा उभा राहतो. क्लिनिकच्या वेळी एका खाटेभोवती एप्रन घातलेली दहा-बारा मुलं दाटीने उभी असतात. हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेला पेशंट असेल, तर सर छातीला स्टेथोस्कोप लावतात, दोन-चार ठोके ऐकतात आणि म्हणतात, "मिड-डायस्टोलिक मर्मर आहे, ऐका." मुलं एकामागून एक ऐकतात आणि मान डोलावतात. पण नवख्या कानाला त्यात बहुधा नुसती धडधड ऐकू आलेली असते.

शिकवण्यातली खरी अडचण त्या मान डोलावण्यात आहे. सरांचं निदान अचूक असतं, पण त्यांनी मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात आणि गाळल्याचं त्यांनाही ठाऊक नसतं, कारण सवयीने त्या पायऱ्या त्यांच्या मनातूनच पुसल्या गेल्या आहेत. नवख्याला पहिला ठोका कोणता आणि दुसरा कोणता हेच ओळखता येत नाही, मग मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, तो कुठल्या फटीत शोधणार? त्याला आधी मानेतल्या नाडीवर बोट ठेवायला सांगावं लागतं. नाडी उसळते त्याच सुमाराला ऐकू येतो तो पहिला ठोका. मग पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून क्षणभर रोखायला सांगायचं आणि स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हलकेच टेकवायची, कारण ती दाबली की खर्जातला आवाज हरवतो. त्यानंतर बाकी सगळं सोडून फक्त दुसऱ्या ठोक्यानंतरची जागा ऐकायची. एवढं केल्यावर लांबवर गडगडावं तसा तो आवाज सापडू लागतो. ज्या मुलाने तो असा शोधला, त्याला पुढच्या खाटेपाशी तो पुन्हा शोधता येतो. ज्याला फक्त नाव सांगितलं, त्याच्याकडे नावच उरतं.

एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग इथे आठवावासा वाटतो. काहींना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं होतं. निम्मी गाणी ओळखली जातील असं वाजवणाऱ्यांना वाटलं होतं. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सगळी चाल सुरू असते, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते. छातीवर बोटाने ठोकून पाहण्याच्या तपासणीत तर हे शब्दशः घडतं. ती पद्धत १७६१ मध्ये लिहून ठेवणारा आउएनब्रुगर हा खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून त्यातली दारू कुठवर आहे हे ओळखण्यावरून त्याला ती सुचली असं सांगतात. तेच गुरूला वापरता येतं. आधी रिकामा आणि अर्धा भरलेला डबा ठोकून दाखवावा, मग निरोगी छाती, आणि मग पाणी झालेल्या बाजूचा तो बद्द आवाज. फरक कानाला कळला की शब्द आपोआप चिकटतो.

पेशंटशी बोलायचं कसं, हेसुद्धा असंच उलगडून दाखवावं लागतं. नवखा विचारतो, "दम लागतो का?" पेशंट म्हणतो, "हो." पुढे काय, हे त्याला सुचत नाही. मुरलेला डॉक्टर विचारतो, "चाळीचे किती मजले चढल्यावर थांबावं लागतं? मागच्या दिवाळीत किती चढत होता?" आजार किती आहे आणि किती झपाट्याने वाढतोय, हे या दोन प्रश्नांत कळतं. पण दुसरा प्रश्न का विचारला, हे डॉक्टरांनी बोलून दाखवलं नाही तर ऐकणाऱ्याला त्या निव्वळ गप्पा वाटतात. म्हणूनच पुष्कळदा प्राध्यापकांपेक्षा रेसिडेंट डॉक्टर चांगलं शिकवतात. आपण कुठे अडखळलो होतो ते त्यांना अजून आठवत असतं. प्राध्यापकांची जागा मात्र त्यांना घेता येणार नाही. स्वतःच्याच निदानावर शंका केव्हा घ्यायची, हे शिकवायला वर्षानुवर्षांचा अनुभवच लागतो.

केईएमसारख्या ठिकाणी एवढा वेळ कोणाला आहे, असा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ओपीडीबाहेरची रांग पाहिली की तो पटतोच. पण १९९२ मध्ये अमेरिकेतल्या काही फॅमिली डॉक्टरांनी अशाच गर्दीसाठी एक रीत सुचवली: आधी विद्यार्थ्याला त्याचं मत सांगायला लावायचं, मग ते कशावरून बनलं ते विचारायचं, आणि त्यानंतर एकच मुद्दा शिकवायचा. त्याला काही मिनिटं पुरतात. दुसरा आक्षेप इकोचा. सोनोग्राफीसारख्या त्या तपासणीत झडप दिसतेच, मग कान कशाला तयार करायचा? पण इकोसाठी कोणाला पाठवायचं, हे आधी कोणीतरी ऐकूनच ठरवतं, आणि हीच मुलं उद्या यंत्र नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जातात. पोरांना जरा धडपडू द्यावं, असं म्हणणाऱ्या जुन्या गुरुजनांचं म्हणणं मला निम्मं मान्य आहे. पायऱ्या कायम हाताशी ठेवल्या तर मुलगा पांगळा होतो. कान बसला की त्या काढून घ्यायलाच हव्यात. पण पहिला ठोकाच न ओळखणाऱ्याची धडपड आंधळी असते, आणि तिचा भार दहा जणांचे हात सोसणाऱ्या आजारी माणसावर पडतो. त्याचा विचार शिकवण्याच्या कुठल्याही पद्धतीत सर्वांत आधी यायला हवा.

वॉर्डात शिकवणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे: मर्मरचं नाव उच्चारण्याआधी मुलाला विचारा, तुला काय ऐकू आलं? तो "काहीच नाही" म्हणाला तर रागावू नका. त्याचं बोट धरून मानेतल्या नाडीवर ठेवा.