कुणकेश्वरची हवा आणि अर्धशिशी

देवगडजवळच्या कुणकेश्वरच्या पुळणीवर भरती-ओहोटी कुणालाही दिसते. दिवसातून दोनदा पाणी देवळाच्या बाजूनं चढतं, दोनदा उतरतं, आणि चंद्र रोज उशिरा उगवतो म्हणून भरतीची वेळही रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पण त्याच पुळणीवर आपल्या डोक्यावर हवेचा जो समुद्र पसरलेला असतो, त्यालाही दिवसातून दोनदा भरती येते. सकाळी दहाच्या सुमाराला हवेचा दाब चढलेला असतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे चारला पुन्हा उतरतो. ही भरती सूर्याची. उंचावरचा ओझोन आणि खालची वाफ उन्हानं तापते, त्यातून उठलेली लाट सूर्यामागोमाग पृथ्वीभोवती फिरत राहते, आणि म्हणून तिची वेळ चुकत नाही. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेत फिरत होता तेव्हा त्याला याचं इतकं नवल वाटलं, की उष्ण कटिबंधात वायुभारमापकाकडे पाहून किती वाजले ते सांगता येईल, असं त्यानं नोंदवलं. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून नियमित नोंदी होऊ लागल्या. पुढे गणिती म्हणून नाव काढलेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी त्याच वेधशाळेत कामाला होते.

हे सगळं अर्धशिशीच्या निमित्तानं सांगावंसं वाटतं. जगात साधारण दर सात माणसांत एकाला मायग्रेन असतो, बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतंय, त्यातले निदान आठ दिवस मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललंय, अशी अवस्था आली की डॉक्टर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. अशा घरात एक ना एक दिवस विषय निघतोच, की इथली हवा मानवत नाही, गावी जाऊन राहू. ठाण्या-डोंबिवलीतल्या चाकरमान्याचं देवगडकडे घर असतं, कुलूप काढलं की झालं. तिथल्या हवेनं डोकेदुखी खरंच थांबेल का?

त्यासाठी आधी डोक्यात काय घडतं ते पाहायला हवं, आणि ते अद्भुत आहे. काही जणांना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेघ दिसते. नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका उमटतो, त्याची कमान होते, कमानीच्या कडेला दातेरी झगमगाट, आत सगळं पुसलेलं. वीसेक मिनिटांत ती कमान पसरत पसरत नजरेच्या टोकाला जाऊन विरते. कार्ल लॅश्ले या मेंदूशास्त्रज्ञाला स्वतःला हे व्हायचं. त्यानं ती कमान पुन्हा पुन्हा कागदावर रेखाटली, वेळ मोजली, आणि मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगानं सरकत असणार, असा हिशेब १९४१ मध्ये मांडला. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडीस लिआओनं सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच वेगानं सरकणारी लाट नोंदवली. आधी पेशींचा लखलखाट, मागोमाग काही मिनिटांची शांतता. कवटी न उघडता, केवळ कागद-पेन्सिल आणि स्वतःचं दुखणं घेऊन एका माणसानं मेंदूतल्या लाटेचा वेग काढला, याच्याइतकी सुंदर गोष्ट मला वैद्यकशास्त्रात दुसरी माहीत नाही.

अर्धशिशीचा मेंदू दुबळा नसतो, त्याला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी दुखतं, रविवारी उशिरापर्यंत झोपलं तरी दुखतं. जेवणाची वेळ टळली, पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन उतरलं, आठवडाभराचा ताण एकदम सुटला, की झटका. बरं, झटक्याची सुरुवात दुखण्याच्या एक-दोन दिवस आधीच झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. मग माणूस म्हणतो, चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं. खरं तर कदाचित डोकं दुखणार होतं म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं. हवेबद्दलही असा उलटा हिशेब होऊ शकतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तरी हवेचा संबंध आहेच. अमेरिकेतल्या ७७ रुग्णांच्या रोजनिश्या हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा निम्म्यांच्या बाबतीत खरोखर मेळ दिसला. हवेनं आपल्याला त्रास होतो असं मानणारे मात्र ६२ टक्के होते. बॉस्टनमध्ये डोकेदुखीसाठी तातडीच्या विभागात आलेल्या ७,०५४ जणांचा अभ्यास झाला. तापमान ५ अंशांनी वाढलं की पुढच्या चोवीस तासांत असे रुग्ण साडेसात टक्क्यांनी वाढत, दाबाचा परिणाम मात्र पुसट दिसला. कॅनडात कॅल्गरीजवळ रॉकी पर्वतावरून शिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो. तिथल्या रुग्णांपैकी काहींना वारा येण्याच्या आदल्या दिवशी झटका यायचा, काहींना वारा जोरात सुटल्यावर, आणि दोन्ही दिवशी त्रास होणारे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे गाव एक, वारा एक, आजार एक, आणि तरी प्रत्येक मेंदूची तक्रार वेगळी.

आपल्याकडे हवापालट म्हटलं की पाय आपोआप डोंगराकडे वळतात. महाबळेश्वर, माथेरान, पाचगणी ही थंड हवेची ठिकाणं इंग्रजांनी प्रकृतीसाठीच वसवली. लोकमान्य टिळक विश्रांतीला सिंहगडावर जात. क्षयाच्या रोग्याला डोंगराची हवा देण्याचा तो काळ होता. अर्धशिशीचं गणित मात्र उलटं निघालं. नेपाळमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत ५०० मीटरच्या खाली राहणाऱ्यांत मायग्रेन सुमारे २८ टक्क्यांना होता, आणि २,००० ते २,५०० मीटर उंचीवर ४५ टक्क्यांहून अधिक जणांना. उंचावर प्राणवायू विरळ, म्हणून असं होत असावं. महाबळेश्वर त्या उंचीला पोचत नाही, पण हवापालटासाठी डोंगरच हवा हा समज तरी सोडायला हरकत नाही.

समुद्रसपाटीला कुणकेश्वरपेक्षा जवळ काय असणार? आणि इथली खरी दौलत म्हणजे स्थिरता. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. दिवसा खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे समुद्राकडे जातात, आणि पारा वर्षभर फार हलत नाही. विदर्भात नागपूरला मे महिन्यात ४५ अंश आणि थंडीत पहाटे दहाच्या खाली, ते टोक इथं नाही. युरोपात एक वादळी पट्टा सरकला की दोन दिवसांत दाब वीस-तीस हेक्टापास्कलनं कोसळू शकतो. इथं दिवसाची ती भरती-ओहोटी तीन-चार हेक्टापास्कलची, तीही घड्याळाबरहुकूम. बदल न सोसणाऱ्या मेंदूला याहून शहाणी हवा कुठली?

पण हे सगळं साधारण मेच्या मध्यापर्यंत. मग उकाडा चिकटतो, घाम अंगावरच राहतो, अंगातलं पाणी आणि मीठ जातं, समुद्रावरची तिरीप डोळ्यांत घुसते. जानेवारीशी तुलना केली तर जुलैत किनाऱ्यावरचा सरासरी दाब दहाएक हेक्टापास्कलनं उतरलेला असतो. जूनमध्ये पाऊस लागतो तो वारा, विजा आणि काळोख घेऊन. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून उत्तरेला गेलं. असे दिवस मोजके, पण ज्याचं डोकं हवेशी बांधलेलं आहे त्याला ते पुरतात.

इथं एक कोडं आहे, आणि ते मला फार आवडतं. जपानमधल्या एका लहान अभ्यासात दाब पाचेक हेक्टापास्कलनं घसरू लागला की झटके वाढलेले दिसले. समुद्रसपाटीजवळ पाच हेक्टापास्कल म्हणजे चाळीस-एक मीटरची चढण, बारा-तेरा मजल्यांची लिफ्ट. मग मुंबईत रोज विसाव्या मजल्यावर जाणाऱ्यांचं काय? देवगडहून फोंडा घाट चढून सह्याद्रीच्या माथ्यावर गेलं तर एका प्रवासातच साठ-सत्तर हेक्टापास्कल उतरतात! नुसता दाबच गुन्हेगार असता तर एस.टी.तले अर्धशिशीचे सगळे प्रवासी डोकं धरून उतरले असते. कदाचित तास-दोन तासांचा बदल आणि दिवसभर रेंगाळणारा बदल मेंदूला वेगळा वाटत असेल. कदाचित दाब हा नुसता निरोप्या असेल, आणि खरं काम त्याच्यासोबत येणारा दमटपणा, उजेड आणि वारा करत असतील. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव दाबातला बदल टिपतो असं दिसलंय. तो निकामी केला की दाब उतरल्यावर वाढणारं दुखणं वाढायचं थांबलं.

याहून जुनी गोष्ट आपल्या जनुकांत आहे. थंडी जाणवून देणारं एक जनुक आहे, टीआरपीएम-आठ. त्याचा एक प्रकार नायजेरियात पाच टक्के लोकांत सापडतो आणि उत्तरेला सरकत फिनलंडपर्यंत गेलं की ८८ टक्क्यांत. हाच प्रकार मायग्रेनशीही जोडलेला आहे. माणसं आफ्रिकेतून थंड मुलुखात गेली, तिथं तगायला बहुधा याची मदत झाली, आणि सोबत डोकेदुखी आली. हवापालट केला म्हणून अर्धशिशी वाढली, असा हा हजारो वर्षांपूर्वीचा उलटा किस्सा.

गावी गेल्यावर डोकेदुखी उतरली तर श्रेय एकट्या हवेला देऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. लोकलची धक्काबुक्की सुटते, रात्री अंधार असतो, जेवण वेळेवर होतं. शिवाय माणूस घर सोडायचं ठरवतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेलं दुखणं बऱ्याचदा आपसूकही उतरतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस, किंवा मायग्रेनवरच्या ट्रिप्टानसारख्या गोळ्या दहा दिवस महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकं दुखवतात. ते कुठल्याही समुद्रकिनारी थांबणार नाही. मेंदूविकारतज्ज्ञ लागला तर कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ गाठावं लागू शकतं, हेही घर हलवण्याआधी मनात धरावं. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं, तर हवेची चर्चा न करता थेट इस्पितळ.

पारखायचंच असेल तर बहुतेक जण चूक करतात ती महिन्याची. दिवाळीत किंवा डिसेंबरात येतात. तेव्हा हवाही गोड आणि सुट्टीही. त्याऐवजी मेच्या मध्याला यावं आणि पाऊस लागून महिना होईपर्यंत राहावं. वहीत रोज झोपेची वेळ, जेवणाची वेळ, घेतलेली गोळी, दुखण्याची सुरुवात, आणि सकाळी दहाचा व दुपारी चारचा दाब. काही मोबाइलमध्ये तो मोजणारा सेन्सर असतो. झटका वळवाच्या आदल्या दिवशी येतो की पाऊस कोसळायला लागल्यावर, की दोन्हींशी त्याचा काही संबंधच नाही, हे त्या वहीतून बरंचसं उलगडेल. आणि घराचं कुलूप कायमचं काढायचं की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.