धोंडो : एका ओबडधोबड नावाची कुळकथा

मराठी माणसांच्या जुन्या नावांत देवादिकांची, नद्यांची आणि पराक्रमी पूर्वजांची नावे विपुल आहेत. परंतु त्यांच्याच शेजारी धोंडो, दगडू, केरू, कचरू, भिकाजी अशी एक निराळी ओळ आहे, आणि तिचा अर्थ ध्यानात आला की पोटच्या पोराला आईबापांनी असे नाव का द्यावे, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. या ओळीतले सर्वांत प्रतिष्ठा पावलेले नाव म्हणजे धोंडो. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे भारतरत्न महर्षी कर्वे (१८५८–१९६२) यांचे नाव धोंडो केशव. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. आणि सन १८०० मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना मारला गेलेला बंडखोर सरदार धोंडजी वाघ. या तिघांत नावाखेरीज समान असे फारसे काही नाही.

धोंडा म्हणजे मोठा, अनघड दगड, आणि नावाचा सरळ अर्थ तेवढाच आहे. ज्या घरात एकामागून एक मुले दगावत, त्या घरात पुढे जन्मलेल्या मुलाला मुद्दाम हलके, टाकाऊ वस्तूचे नाव देण्याची चाल होती. दृष्ट लागते ती देखण्या आणि मोलाच्या वस्तूला, तेव्हा जे मूल नावानेच धोंडा किंवा केर ठरले त्याच्याकडे वाईट नजर, भूतबाधा किंवा प्रत्यक्ष यमही ढुंकून पाहणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. म्हणूनच अशा नावांना अरिष्ट टाळणारी किंवा संरक्षक नावे म्हणता येते. पुष्कळदा नावाच्या जोडीला विधीही असे. मूल केरात ठेवून पुन्हा उचलून घेतले की ते केरू किंवा केरबा होई, भीक मागून आणलेल्या कपड्यात गुंडाळले की भिकू किंवा भिकाजी होई, आणि मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवले की तो नथू होई. एकोणिसाव्या शतकातले गणिती केरो लक्ष्मण छत्रे आणि विष्णुबुवा ब्रह्मचारी या नावाने गाजलेले विष्णु भिकाजी गोखले यांची नावे याच परंपरेची खूण सांगतात. ही चाल केवळ महाराष्ट्राची नव्हे. बंगालमध्ये मूल नाममात्र कवड्यांना विकून परत घेत आणि त्याला तीनकडी किंवा पाचकडी म्हणत, तर उत्तरेत घसीटा, म्हणजे जमिनीवरून फरफटत नेलेला, असे नाव ठेवले जाई.

या समजुतीला भाबडी म्हणून हसण्यापूर्वी ज्या परिस्थितीत ती रुजली ती पाहिली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या सुमारासही हा आकडा सरकारी अंदाजाप्रमाणे १४६ होता. बाळंतघरात पाचवी-सटवी पुजण्याचा जो प्रघात आहे, त्यातली सटवाई सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते असे मानतात. आणि अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा नवजात बालकांचा धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्याच्या आगेमागेच प्रकट होतो, हे लक्षात घेतले तर त्या रात्रीची धास्ती निराधार होती असे म्हणवत नाही. नाव ठेवण्याचा बारशाचा विधी बाराव्या दिवशी, म्हणजे पहिले मोठे संकट टळल्यावर, येतो. भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील बालमृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजारी १६ वर आला होता.

तथापि धोंड्याचा अर्थ टाकाऊपणापाशी संपत नाही, आणि इतर हलक्या नावांपेक्षा हे नाव अधिक पसरले त्याचे कारण बहुधा येथेच आहे. मराठी मुलखातला देव पुष्कळदा धोंड्याच्याच रूपात भेटतो. म्हसोबा, सटवाई, गावाच्या वेशीवरची देवी यांचे रूप म्हणजे शेंदूर माखलेला, अवयव नसलेला दगड असतो, आणि अशा दगडाला तांदळा म्हणतात. शिवाय दगड टिकतो. जातकर्म, म्हणजे मूल जन्मल्याबरोबर करावयाचा वैदिक संस्कार, सांगताना आश्वलायन गृह्यसूत्राने पित्याच्या तोंडी जो मंत्र दिला आहे, त्यात बाळाने दगड व्हावे, परशू व्हावे आणि अभंग सोने व्हावे अशी इच्छा आहे. सोन्याआधी दगडाचा मान असलेली ती प्रार्थना पाहता, माजघरातल्या आजीने नातवाला धोंडू म्हणावे आणि वैदिकाने बाळाला दगड हो म्हणावे, यांत वाटते तेवढे अंतर नाही.

यात आणखी एका नावाची सरमिसळ झाली आहे. काशीतील विश्वनाथाजवळच्या गणपतीला धुंडिराज म्हणतात. दिवोदास राजाच्या ताब्यात गेलेली काशी शंकराला परत मिळावी म्हणून गणेश ज्योतिषाच्या वेषात तेथे गेला, अशी त्याची पुराणकथा स्कंदपुराणाच्या काशीखंडात येते, आणि धुंडी हा शब्द शोधणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद असे होते. धुंडिराज आणि धोंडो ही नावे कानाला इतकी जवळची आहेत, की एखाद्या घरातल्या धोंडोपंतांचे मूळ काशीच्या गणपतीत आहे की परसातल्या धोंड्यात, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. आणि नवसाचा धोंडा सोयीने गणपती झाल्याची उदाहरणेही असणारच. अधिक महिन्याला धोंडा महिना म्हणतात आणि त्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, हा त्याच शब्दाचा आणखी एक संसार.

नाव एकच असले तरी त्याचे रूप मात्र जातीपातीप्रमाणे बदलत गेले. ब्राह्मण घरात ते धोंडो किंवा धोंडोपंत, मराठा घरात धोंडजी किंवा धोंडिबा, आणि ज्याला मान द्यायचा नाही त्याचा उच्चार धोंड्या. हलक्या नावाचा उगम सर्वत्र मायेतच होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, कारण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे तिरस्कारदर्शक असावे असा नियमच घालून दिला आहे. वरच्या घरात जे नाव मुलाला वाचवण्यासाठी मुद्दाम खाली उतरून घेतलेले असे, तेच खालच्या मानलेल्या घरात समाजाने ठरवलेल्या पायरीची पावती होऊन बसे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात लेखकाचे मूळ नाव, दगडू मारुती पवार, हे जणू दुसरे पात्र होऊन उभे राहते. लेखक आणि दगडू एकमेकांशी बोलतात, आणि शिकून शहरात गेलेल्या माणसाला ते नाव मागे टाकताही येत नाही आणि मिरवताही येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता ही नावे झपाट्याने रूढ झाली. त्या बदलाला निव्वळ आवडीनिवडीचा बदल म्हणणे अपुरे आहे.

मुलींनाही धोंडूबाई, दगडाबाई, भिकाबाई ही नावे मिळत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका आणि केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४), तसेच हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके यांनी ती नावे अभिमानाने वागवली. याउलट नकुशी किंवा नकोशी हे नाव दिसायला याच ओळीतले असले तरी जातीने वेगळे आहे. त्यात मूल जगावे ही धडपड नाही, पुन्हा मुलगी होऊ नये ही इच्छा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, ते योग्यच झाले.

धोंडो हे नाव मात्र कोणी मोहीम काढून बदलले नाही. ते आपसूक मागे पडले. लसीकरण, सुईणीऐवजी दवाखाना आणि स्वच्छ पाणी यांमुळे मुले जगू लागली, तसे नावाचे कामच उरले नाही. त्याच काळात शाळेच्या पटावर आणि कचेरीच्या दप्तरात नाव कायमचे नोंदले जाऊ लागले, मध्यमवर्गात वसंत, मधुकर, प्रभाकर, शरद अशा मृदू नावांची हौस वाढली, आणि मंद विद्यार्थ्याला दगड म्हणण्याची मास्तरी सवय तर सर्वांना ठाऊकच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शहरात जन्मलेल्या मुलांत धोंडो क्वचितच आढळतो. खेड्यांत धोंडिबा आणि दगडू आणखी काही काळ टिकले, आणि पुढे मराठी चित्रपटांनी त्यांना विनोदाच्या खात्यात जमा केले.

तरीही वडिलांचे नाव मधोमध लिहिण्याच्या मराठी रिवाजाने ते आणखी एक पिढी जपले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे (१८८२–१९५३), ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर आणि पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर (१९४२–२०२३) या तिघांच्याही नावातला ‘धों.’ हा वडिलांचा धोंडो आहे.