सोमवारची गोळी

सकाळी ६:३०. वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना मी, त्यांची फिजिओथेरपिस्ट, फोन करते. "गोळी घेतली? पेलाभर पाण्याबरोबर? आता अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा नाही." अ‍ॅलेंड्रोनेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, पण ते अन्ननलिकेत अडकलं तर तिथे जखम करतं.

८:०० त्यांच्याच घरी. दोन महिन्यांपूर्वी भरलेली बादली उचलताना कमरेत कट्कन झालं. उसण भरली म्हणून शेक, बाम आणि मालिश यांत तीन आठवडे गेले. एक्स-रेत कमरेचा पहिला मणका पुढून पाचरीसारखा चेपलेला दिसला. हाडं ठिसूळ झाली की पडावंही लागत नाही, जोराचा खोकला पुरतो. साठीनंतर अशी कळ आली तर आधी फोटो काढा, मालिश नंतर, हे मी दारोदार सांगते.

"पडून राहते ना गं," आजी म्हणतात. नाही. अंथरुणात हाड आणखी विरतं, मांड्या गळतात. ओंडका लोटावा तसे खांदे आणि कंबर एकदम कुशीवर, पाय खाली, हातानं रेटा, मग बसायचं. पट्टा बांधून दारापर्यंत चालवते. लिफ्ट नाही, म्हणून आज तीन पायऱ्याही.

११:३० लोकमान्यनगर. पुनर्विकासाच्या कामावर परांचीवरून टाचांवर पडलेला तरुण रंगारी. टाच मोडली की मणका तपासावाच लागतो, कारण धक्का तसाच वर चढतो. याचा मणका फुटून तुकडा मागे मज्जारज्जूच्या वाटेत सरकला होता. वरखाली स्क्रू, मध्ये सळ्या घातल्या आणि पाय वाचले. "ताई, परत परांचीवर जाईन?" पुढचा फोटो पाहून डॉक्टर सांगतील, एवढंच मी म्हणते. घरात कमावणारा तो एकटाच.

५:०० पोखरण रोडवरचं क्लिनिक. चाळिशीची बाई, पाठदुखी, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन. हिला व्यायाम देत नाही. क्षयरोगही मणका पोखरतो. डॉक्टरांकडे चिठ्ठी देते.

९:१५ आजींच्या मुलाचा फोन. "आईच्या पायांना मुंग्या येतायत."

"लघवी कधी झाली?"

"दुपारपासून नाही."

"मांड्यांच्या मध्ये स्पर्श कळतोय?"

तो विचारून येतो. "बधिर वाटतंय म्हणते."

"सकाळपर्यंत थांबायचं नाही. १०८ लावा. चादरीत उचलू नका, फळी मागवा. जिन्याला वळण आहे, चार माणसं लागतील." बोलता बोलता मी चप्पल घालते.