अपंग जवान आणि सरकारी नोकरी

एका सरकारी जागेसाठी दोन उमेदवार आहेत. परीक्षेत दोघेही उत्तीर्ण झाले आहेत. पहिल्याला चार गुण अधिक आहेत. दुसऱ्याचा पाय सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात गेला आहे. सरकारने कोणाची नेमणूक करावी? गुणवत्तेचे नाव घेऊन पहिल्याची बाजू मांडणारे आपल्याच वर्गात सापडतील आणि कृतज्ञतेचे नाव घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारेही सापडतील. परंतु सरकारला असा प्रश्न भावनेवर सोडून चालत नाही. त्यासाठी नियम करावा लागतो, आणि नियम करताना पहिली अडचण येते ती व्याख्येची. अपंग सैनिक म्हणायचे कोणाला, आणि त्याला झुकते माप द्यायचे ते किती?

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव सर्वांत दीर्घ अनुभवांपैकी एक आहे. तेथील यादवी युद्ध संपत आले असताना, ३ मार्च १८६५ रोजी, त्या देशाच्या काँग्रेसने एक ठराव संमत केला. जखमेमुळे किंवा सेवेत जडलेल्या आजारामुळे ज्यांना सन्मानाने सैन्यातून मुक्त केले गेले, अशांना कामाची पात्रता असल्यास मुलकी नोकरीत प्राधान्य द्यावे, असा त्याचा आशय होता. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सवलत होती ती फक्त अपंग सैनिकांपुरती, आणि पात्रतेची अट सुटलेली नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर हे वर्तुळ रुंदावले. १९१९ मध्ये सन्मानाने मुक्त झालेल्या सर्वच सैनिकांना, तसेच सैनिकांच्या विधवांना आणि नोकरी करू न शकणाऱ्या अपंग सैनिकांच्या पत्नींनाही हे प्राधान्य मिळाले. मग प्रश्न उभा राहिला, की धडधाकट परतलेला आणि हात गमावून परतलेला यांना एकाच मापाने मोजायचे काय? त्यावर १९२३ मध्ये वाढीव गुणांची तोड निघाली. परीक्षेतील गुणांत अपंग सैनिकाला दहा आणि इतर माजी सैनिकाला पाच गुण अधिक मिळू लागले. दुसरे महायुद्ध चालू असताना, २७ जून १९४४ रोजी, अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या सहीने याच पद्धतीला कायद्याचे पक्के रूप आले. १९५३ च्या दुरुस्तीने आणखी एक शिस्त आणली. आधी स्वतःच्या बळावर उत्तीर्ण व्हायचे, वाढीव गुण त्यानंतर. शिवाय यादीच्या अगदी वर जाण्याचा मान सेवेतून आलेले आणि भरपाईस पात्र असे किमान दहा टक्के अपंगत्व असलेल्यांपुरता राहिला. वरच्या दर्जाच्या शास्त्रीय व व्यावसायिक पदांना मात्र हा नियम लागू नव्हता. तात्पर्य, जखम जितकी खरी आणि मोठी, तितके माप अधिक झुकते, असा या व्यवस्थेचा रोख होता.

हा रोख सुटला की काय होते, हे त्याच देशातील मॅसॅच्युसेट्स राज्याने दाखवून दिले. तेथील राज्यसेवेत पाच किंवा दहा गुणांचा प्रश्नच नव्हता. उत्तीर्ण झालेला कोणताही माजी सैनिक, अपंग असो वा नसो, इतर सर्वांच्या वर जाई, आणि तोही आयुष्यभर. हेलन फीनी नावाच्या एक कर्मचारी महिला १९७१ मध्ये दंतवैद्यक मंडळातील एका पदाच्या परीक्षेत दुसऱ्या क्रमांकाच्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या. पण पाच पुरुष माजी सैनिक वर सरकल्याने यादीत त्यांचा क्रमांक सहावा लागला. त्या राज्यातील माजी सैनिकांत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक पुरुष होते. फीनी न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा वैध ठरवला. हा कायदा सैनिक व असैनिक असा भेद करतो, पुरुष व स्त्री असा नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. परंतु देशाचे ऋण फेडताना त्याचा हप्ता मुख्यतः स्त्रियांच्या पदरातून गेला, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही.

आता आपल्याकडे वळू. भारताने वाढीव गुणांऐवजी राखीव जागांची वाट धरली. १९७९ च्या केंद्रीय नियमांनी माजी सैनिकांसाठी ‘क’ गटात दहा टक्के आणि ‘ड’ गटात वीस टक्के जागा ठेवल्या. सार्वजनिक उपक्रमांत हे प्रमाण अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के आहे. त्यातले साडेचार टक्के खास अपंग माजी सैनिक व कारवाईत कामी आलेल्या जवानांचे आश्रित यांच्यासाठी असतात. महाराष्ट्र शासनाच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांतील भरतीत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतून आडवे जाणारे. निवडलेला जवान ज्या प्रवर्गाचा, त्याच प्रवर्गाच्या जागेत तो मोजला जातो. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने उभे व आडवे आरक्षण यांतला हा फरक स्पष्ट केला. या पद्धतीत आकडा आधीच ठरलेला असल्याने झुकत्या मापाला मर्यादा राहते, हा तिचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

पण व्याख्येचा प्रश्न येथेही सुटत नाही. १९७९ च्या नियमांनुसार अपंग माजी सैनिक म्हणजे शत्रूविरुद्धच्या कारवाईत किंवा अशांत क्षेत्रात अपंगत्व आलेला. मग आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना पाठीचा कणा मोडलेल्या छात्राचे काय? कमिशन मिळण्यापूर्वीच घरी परतावे लागल्याने अशा छात्रांना माजी सैनिकाचा दर्जाच मिळत नव्हता. मग त्या दर्जाबरोबर येणारी नोकरीतील सवलत कोठून मिळणार? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा कोठे त्याची देशभर चर्चा झाली. वय आपल्याएवढेच, परीक्षा आपल्यापेक्षा कठीण, इजा देशाच्याच कामी. पण नियमाच्या शब्दांत तो बसत नाही.

मॅसॅच्युसेट्सची रेषा फार बाहेर गेली आणि फीनींसारख्या पात्र स्त्रीवर अन्याय झाला. आपली रेषा फार आत राहिली आणि जखमी छात्र तिच्या बाहेर पडला. दोन्ही ठिकाणी हेतू चांगलाच होता. चूक झाली ती रेषा ओढताना.

आपल्यातले पुष्कळजण उद्या लोकसेवा आयोगाच्या किंवा बँकेच्या परीक्षेला बसतील. निकालाच्या यादीत कमी गुणांचा एखादा माजी सैनिक आपल्या आधी दिसेल आणि मन खट्टू होईल. ते स्वाभाविक आहे. त्या वेळी एवढे आठवावे, की त्याला मिळते ते दान नव्हे. सरकारच्याच हुकुमावरून त्याने शरीराचा जो भाग गमावला, त्याची ती अपुरी भरपाई आहे. परंतु ती भरपाई नेमकी त्याच्याच हाती पडते काय, आणि तिची किंमत कोणा एकाच वर्गाला मोजावी लागते काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे तर ते कामच आहे.