बँक कागद का मागते?

बँकेत गेलात की साहेब म्हणतात, "केवायसी करा." केवायसी म्हणजे खातेदाराची ओळख पटवणे. नाही पटवली तर भलताच कोणी तुमच्या नावावर कर्ज उचलील, आणि हप्ते तुमच्या माथी! २००२ च्या एका कायद्याने बँकेवर हे बंधनच घातले आहे.

पण हेलपाटे किती! मी पेन्शनवाला, मला वेळ आहे. मजुरी बुडवून येणाऱ्याने काय करावे?

तर हे ध्यानात ठेवा. साध्या खात्याची अशी तपासणी बहुधा दहा वर्षांतून एकदा असते. आधीचे कागद ठीक असतील आणि नाव, पत्ता तोच असेल, तर "काही बदल नाही" एवढे लिहून दिले तरी पुरते. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. २०२५ पासून हे काम बँकमित्राकडूनही करून घेण्याची बँकांना मुभा आहे. विचारून पाहा.

आधारकार्डाची झेरॉक्स द्यावी लागलीच, तर तीवर "फक्त केवायसीसाठी" असे लिहा. बँकेचे नाव, तारीख घाला. आता लिहिता येते ना? दुसऱ्या कोणाला लिहायला देऊ नका. आणि बिघडलेली प्रत दुकानात टाकून येऊ नका, चोराला तेवढी पुरते.