गेम खेळून डोकं बिघडतं की घडतं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी मुलांना मैदानावर पाठवायची सोय नसते. मग मोबाइल हातात येतो आणि घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "ठेव तो गेम, डोक्याचा भुगा होईल!" पालकांची ही काळजी खरी आहे. पण तिच्यात खरे धोके आणि ऐकीव समजुती एकत्र मिसळल्या आहेत. त्यामुळे जे थांबवायला हवं त्याकडे दुर्लक्ष होतं आणि जे जोपासायला हवं त्यावर बंदी येते.

गैरसमज : गेममध्ये फक्त बोटं चालतात.

वस्तुस्थिती : ते गेमवर अवलंबून आहे. 'माइनक्राफ्ट' हा जगात सर्वाधिक खपलेला गेम घ्या. त्यात सुरुवातीला खेळाडूच्या हाती काहीच नसतं. झाड तोडलं की एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. अवजारं घडवायच्या टेबलाला चार फळ्या लागतात, दोन फळ्यांपासून चार काठ्या होतात आणि लाकडी कुदळीला तीन फळ्या व दोन काठ्या लागतात. म्हणजे नऊ फळ्या हव्यात. तीन ओंडक्यांच्या बारा फळ्या होतात आणि तीन शिल्लक राहतात. उरलेल्या दोन काठ्या दगडी कुदळीसाठी जपायच्या, कारण दगडी कुदळीशिवाय लोखंडाचं खनिज मिळत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडतं. लोखंड हवं तर आधी काय लागेल, आणि त्याच्याही आधी काय? गणितातली शाब्दिक उदाहरणं सोडवताना नेमकी हीच आखणी करावी लागते.

गैरसमज : गेममधल्या कौशल्याचा बाहेर काही उपयोग नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या ३३ डॉक्टरांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या चुका सराव-चाचणीत, कधीच न खेळलेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी होत्या आणि त्यांचा वेग २७ टक्क्यांनी जास्त होता. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून गेममुळेच हात बसला असं सिद्ध होत नाही. तरी पडद्यावर बघून हात चालवण्याचं कौशल्य दोन्हीकडे लागतं, हे त्यातून दिसतं.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'फोल्डइट' या गेममध्ये प्रथिनांची घडी योग्य रीतीने घालणं हेच कोडं असतं. माकडांमध्ये एड्ससारखा आजार घडवणाऱ्या विषाणूच्या एका विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. या गेमच्या खेळाडूंनी तिचा पुरेसा अचूक आराखडा तीन आठवड्यांत तयार केला. २०११ मध्ये तो शोधनिबंधात आला. त्यातल्या बहुतेक खेळाडूंचा जीवरसायनशास्त्राशी संबंध नव्हता.

आपल्या राज्यातलंही उदाहरण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने २०१२ मध्ये 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. त्यात वस्तीतले लोक माइनक्राफ्टमध्ये आपल्या परिसरातल्या मोकळ्या जागेचा आराखडा उभारतात. बाक कुठे, दिवा कुठे, वाट कुठून, हे सगळं तिथे ठरतं. मुंबईतही हा उपक्रम झाला आहे.

गैरसमज : मग गेम खेळला की मूल आपोआप हुशार होईल.

वस्तुस्थिती : हा पहिल्याइतकाच मोठा गैरसमज आहे. वेगवान गेम खेळणाऱ्यांचं दृश्य अवधान अधिक चांगलं असतं, हे 'नेचर'मधल्या २००३ च्या शोधनिबंधाने दाखवलं. पण एका गेममधलं कौशल्य परीक्षेत, व्यवहारात किंवा भांडण मिटवण्यात आपोआप उतरतं, याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. मेंदू तल्लख करण्याचं आश्वासन देणाऱ्या 'लुमॉसिटी' या ॲपच्या कंपनीला जाहिरातीतले दावे सिद्ध करता आले नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून तिला २० लाख डॉलर भरावे लागले. म्हणून 'ब्रेन गेम' असं लिहिलेल्या ॲपवर पैसे घालवू नयेत.

गेममधला विचार बाहेर आणायला कुणीतरी पूल बांधावा लागतो आणि त्यासाठी सोलापुरात उत्तम साधन आहे. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. आधी ती चौकटींच्या कागदावर रंगवतात. प्रत्येक चौकट एकच गोष्ट सांगते, ताण्याचा धागा वर उचलायचा की नाही. त्यानुसार कार्डांना भोकं पाडली जातात. अशीच छिद्रांची कार्डं एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. मुलाला गणिताच्या चौकटींच्या वहीत घरातल्या चादरीचं एक फूल उतरवायला सांगा आणि तेच फूल माइनक्राफ्टमध्ये ठोकळ्यांनी रचू द्या. कडेची वळणदार रेघ चौकटींत बसवताना कुठे पायरी करायची, समोरासमोरच्या दोन पाकळ्या सारख्या कशा ठेवायच्या, हे त्याचं त्यालाच शोधावं लागतं. जवळच्या यंत्रमागावर नेऊन खरी कार्डं दाखवली तर फारच उत्तम.

गैरसमज : गेम म्हणजे व्यसन, आणि मूल हिंसक होणारच.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. त्यासाठी तीन लक्षणं पाहतात. खेळावर ताबा राहत नाही, इतर सगळ्याच्या आधी गेम येतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही. हे साधारण बारा महिने चालू असायला हवं. सुट्टीत दोन तास रमलेलं मूल व्यसनी नाही. मात्र झोप, शाळा, जेवण आणि मित्र सुटत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. हिंसेबाबत अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये भूमिका स्पष्ट केली. गेममुळे आक्रमक वागणुकीत थोडी वाढ दिसते, पण खऱ्या हिंसक कृत्यांचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही.

गैरसमज : रमीसारखे पैशांचे गेमही बुद्धीचेच, मग हरकत काय?

वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचा गेम कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यावर या कायद्याने बंदी आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे मानले आहेत. हा फरक मुलांना घरातच समजला पाहिजे.

गैरसमज : मोबाइल आणि शिक्षण यांचं जमतं ते फक्त मोठ्या शहरांत.

वस्तुस्थिती : माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ते फोनवर स्कॅन करून मुलांना कविता, व्हिडिओ आणि स्वाध्याय मिळू लागले. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना सर्व इयत्तांसाठी स्वीकारली आणि २०२० मध्ये गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. तो फोन तुमच्याआमच्या घरात आहे तसाच होता. फरक शिक्षकाने त्याला दिलेल्या कामात होता.

तेव्हा या सुट्टीत मोबाइल हिसकावण्याआधी दहा मिनिटं मुलाशेजारी बसा. "तू आत्ता काय ठरवलंस? ते फसलं तर पुढे काय करशील? असंच आणखी कुठे करावं लागतं?" हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं मिळत असतील तर गेम चालू राहू द्या, वेळ मात्र आधीच ठरवून घ्या. उत्तरंच नसतील तर तो गेम बदला.